कानाला टांगलेलं लेबल

आता जे सांगतोय त्यावर तुमच्यापैकी एकही जण विश्वास ठेवणार नाही. पैज लावतो. माझ्या आजवरच्या गोष्टींवर निदान अर्धा तरी विश्वास बसायचा. हिच्यावर तेवढाही बसायचा नाही. पण ज्याच्या कपाळावर ती घडली, त्या माणसाला मी सख्ख्या नात्याने ओळखतो, म्हणून सांगणं भाग आहे.

दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, ही इथे चादरींच्या घड्या घालतेय ना, तिचे यजमान. बावीस वर्षं एका संग्रहालयाच्या तळघरात नोकरी. काम काय, तर पेंढा भरलेले प्राणी झटकायचे, त्यांच्या काचेच्या डोळ्यांवरून ओलं फडकं फिरवायचं, वाळवी दिसली की औषध मारायचं. माणूस कामाला चोख, पण भित्रा. कुकरची शिट्टी आता होणार हे माहीत असूनही शिट्टीला दचकणारा. वाघाच्या जबड्यात कोपरापर्यंत हात घालून रोज दात पुसतील, आणि जिन्यात संचालक बाईंच्या चपलांचा आवाज आला की त्याच वाघाच्या मागे जाऊन उभे राहतील.

बाईसुद्धा तशाच होत्या म्हणा. आवाज कधी चढवायच्या नाहीत. चढवला असता तर बरं झालं असतं, इतक्या हळू बोलायच्या. त्यांचा एक नियम साऱ्या इमारतीला पाठ होता: ज्या वस्तूला लेबल लागलं, ती वस्तू संग्रहालयाची; ती दाराबाहेर जाणार नाही. एकदा एका पाहुण्याच्या छत्रीला चुकून लेबल लागलं. ती छत्री अजून वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत आहे. पाहुणा भिजत घरी गेला.

तर झालं असं, की लेबलं लिहिणारे नाना निवृत्त झाले, आणि तळघरातल्या एकशेचाळीस शिंगांची लेबलं राहून गेली. बाईंनी दाजींचं अक्षर पाहिलं होतं. औषधाच्या डब्यावर त्यांनी ‘विष’ असं लिहिलं होतं, तेही इतक्या सुंदर वळणाने की पाहणाऱ्याला चाखून बघावंसं वाटावं. बाई खाली आल्या आणि हळूच म्हणाल्या, “तुम्हाला इंग्रजी येतं ना?”

इंग्रजी येत नव्हतं. पण बाईंना नाही म्हणायचं धाडस त्याहून येत नव्हतं.

“हो,” दाजी म्हणाले.

“छान. ही शब्दांची यादी. शिंगांशी संबंधित सगळे इंग्रजी शब्द आणि आपल्या भाषेत त्यांचे अर्थ. प्रत्येक शिंगाला त्याचा योग्य शब्द. ही एकशेचाळीस कार्डं, शिक्का मारलेली, मोजून. एकही वाया घालवायचं नाही. गुरुवारी चार वाजता पाहुणे येतील.”

नाना जाता जाता दाजींना एक युक्ती शिकवून गेले होते. ती शाई शंभर वर्षं टिकायची, पण वाळायला पाच मिनिटं घ्यायची. कार्ड टेबलावर ठेवावं तर टेबलभर शिंगं. एकावर एक ठेवावीत तर फराटे उठायचे. म्हणून नाना कार्डाला दोरा ओवायचे आणि ते सरळ कानाला टांगायचे. एक वाळेपर्यंत दुसरं लिहायचं. शिंपी जसा टेप गळ्यात घालून हिंडतो, तसे नाना आयुष्यभर कानाला लेबल लावून हिंडले. त्यांची उजवी पाळी डावीपेक्षा बोटभर लांब होती. दाजींनीही तेच धरलं. गुरूने घालून दिलेली रीत, त्यात काय विचारायचं?

आणि सोमवारी दाजी लिहायला बसले.

लिहिताना दाजींचं लक्ष अक्षराच्या वळणाकडे. अर्थ आपला बोटांतून परस्पर कागदावर जायचा. शिवाय आपल्याकडे बैलाचं ते शिंग, सांबराचं तेही शिंग, बोकडाचं तेही शिंग. इंग्रजीत दोन वेगळे शब्द पाहून दाजींनी स्वतःच एक नियम करून टाकला: मोठं असेल ते अँटलर, लहान असेल ते हॉर्न. शब्द जरा भारदस्त वाटतो ना, मग भारदस्त शिंगाला तो. त्या हिशेबाने त्यांनी रानरेड्याच्या हातभर जाड शिंगांच्या बुडाशी ‘अँटलर’ बांधलं, एका किरकोळ सांबराच्या शिंगांवर ‘हॉर्न’ बांधलं, आणि खूश होऊन घरी गेले.

मंगळवारी सकाळी तळघराचा दिवा लावला तर रानरेड्याची दोन्ही शिंगं जमिनीवर.

उंदीर, दाजींना वाटलं. पण उंदरांनी कुरतडल्याची खूण नाही. शिंगं स्वच्छ निघून पडली होती, पिकलेलं फळ देठातून पडावं तशी. रेड्याच्या डोक्याला लेबल मात्र जागच्या जागी. दाजींनी पहिल्यांदाच आपलं अक्षर सोडून अर्थ वाचला: ‘अँटलर. सांबर, चितळ यांच्या डोक्यावर उगवणारं हाड. दर वर्षी गळतं व नवीन उगवतं.’

त्यांनी तो दोनदा वाचला. मग सांबराकडे गेले. तिथे ‘हॉर्न’: ‘बैल, रेडा, बोकड, मेंढा यांचं शिंग. आत हाडाचा गाभा, वर नखासारखं आवरण. जन्मभर वाढतं, कधीही गळत नाही.’

“योगायोग,” दाजी मोठ्याने म्हणाले. तळघरात एकटा माणूस मोठ्याने बोलला की समजावं, त्याचा स्वतःवर विश्वास उरलेला नाही.

दोन्ही कार्डांची अदलाबदल केली. रेड्याचं एक शिंग उचलून डोक्याशी नुसतं टेकवलं, आणि ते गच्च बसलं. इतकं गच्च की दाजींच्या करंगळीचं टोक मध्ये सापडलं. ते सोडवायला त्यांना दहा मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ रेडा काचेच्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत होता.

मग एकेक दिसायला लागलं. मेंढ्याच्या शिंगावर त्यांनी ‘टाईन’ बांधलं होतं, म्हणजे अँटलरला फुटणारा फाटा. मेंढ्याच्या गोल वळलेल्या शिंगातून वीतभर फाटा बाहेर आला होता. पितळी कड्या लावलेलं एक शोभेचं शिंग होतं. त्याला ‘कॉर्नुकोपिया’ हा शब्द अगदी बरोबर बसला होता, फळाफुलांनी भरलेलं, कधी न संपणारं शिंग. तर त्याच्या तोंडातून फळीवर द्राक्षं ओघळत होती. बूट चढवायच्या पट्टीवर ‘शूहॉर्न’ होतं, तिच्यावर दाजींचाच डावा बूट येऊन बसला होता. आणि कोपऱ्यात भिंतीवर एक जुनं, वाळून खडखडीत झालेलं अँटलर होतं, त्याला ‘व्हेल्वेट’ हा शब्द लावलेला.

दाजींनी त्याला हात लावला नसता तर बरं झालं असतं.

ते उबदार होतं. त्याच्यावर बारीक करडी लव आली होती, नुकत्या जन्मलेल्या पिल्लाच्या अंगावर असते तशी, आणि लवेखाली काहीतरी ठक ठक उडत होतं. दाजींनी आपली नाडी पाहिली. ती केव्हाच दुपटीने पळत होती. भिंतीवरची ठकठक मात्र संथ होती. म्हणजे ती त्यांची नव्हती. त्यांनी यादी काढली. ‘व्हेल्वेट. वाढत असलेल्या अँटलरवरची मऊ, लवदार, रक्ताने भरलेली कातडी.’

जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत ते धावत गेले. तिथे त्यांना आठवलं की वर बाई आहेत. तिसऱ्या पायरीवर उभा राहून माणूस किती वेळ विचार करू शकतो? दाजींनी अर्धा तास केला. वर जाऊन काय सांगणार? मी शब्द न वाचता लावले? इंग्रजी येतं असं खोटं बोललो? खाली निदान शिंगं होती. ती प्रश्न तरी विचारत नव्हती.

शेवटी ते खाली उतरले आणि त्यांनी ठरवलं: लिहिलेलं जर खरं होतं, तर बरोबर लिहू. ज्याचं त्याला लावलं की सगळं जागच्या जागी. एवढं साधं आहे.

मंगळवार आणि बुधवार दाजींनी जसा अभ्यास केला तसा शाळेत केला असता तर आज तेच संचालक झाले असते. ‘पेडिकल’ म्हणजे कवटीवरचा खुंट, ज्यावर अँटलर उगवतं. ‘बर’ म्हणजे त्या बुडाशी असलेलं खडबडीत कडं. ‘ऑसिकोन’ म्हणजे जिराफाची कातडी पांघरलेली शिंगं. ‘केरॅटिन’, ज्याचं शिंगावरचं आवरण बनतं. नखं त्याचीच, खूर त्याचेच, केसही त्याचेच. ‘स्कर’ म्हणजे कवटीला न जोडलेलं, नुसत्या कातडीत लोंबणारं अर्धवट शिंग, बोटाने हलवलं तर हलतं. आणि ‘पोल्ड’, जिला शिंगं येतच नाहीत अशी, भुंडी. तशा एका गाईची कवटी खालच्या फळीवर होती.

घरीही घोकंपट्टी. जेवताना ओठ हलतायत, आंघोळ करताना आतून आवाज येतोय, “गळत नाही, गळत नाही, फाटे फुटत नाहीत.” बुधवारी संध्याकाळी माझ्या बहिणीने तीनदा विचारलं, चहा गार होतोय, घेताय ना? कप हातात, आणि घोकणं चालूच. चौथ्यांदा तिचा तोल गेला.

“अहो, लेबलं लिहायला लागल्यापासून शिंगं फुटलीत का तुम्हाला? बोलवत नाही ते?”

दाजींच्या हातून कप सुटला. त्यांनी दोन्ही हात कपाळावर नेले आणि सगळं कपाळ चाचपून पाहिलं.

“असं नको बोलूस,” ते म्हणाले. “गंमतीतसुद्धा नको.”

ती बिचारी फरशी पुसायला लागली. तिला काय माहीत!

गुरुवारी सकाळी आठलाच दाजी तळघरात हजर. सत्तावीस कार्डं राहिली होती. आता हात बसला होता. एक लिहायचं, कानाला टांगायचं. दुसरं लिहायचं, पहिलं उतरवून बांधायचं. भिंतीवरचं ते अँटलर पुन्हा वाळून गप्प झालं होतं. मेंढ्याचा फाटाही आत गेला होता. दाजींना दोन दिवसांत पहिल्यांदा धड श्वास घेता आला. अकरा वाजता शेवटचं कार्ड लिहून झालं. ते त्यांनी कानाला टांगलं आणि तेवढ्यात वरचा पहारेकरी खाली आला.

पहारेकऱ्याला दोन दिवसांपासून तळघराची ओढ लागली होती. कारण द्राक्षं.

“दाजी, तुम्ही रोज एवढी फळं आणता कुठनं हो?” तो तोंड भरून म्हणाला. “काल मी घडच्या घड खाल्ले, आज परत तेवढेच!”

“खा, खा,” दाजी म्हणाले. त्यांना स्वतःला त्यातलं एक द्राक्षही तोंडात घालायची हिंमत नव्हती.

“चला, डबा खाऊ वर. झालं ना काम?”

काम झालं होतं. दाजी वर गेले. डबा खाल्ला. दोन दिवस झोप नव्हती, पोट भरलं, खुर्चीला पाठ टेकली आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा घड्याळात दीड वाजला होता आणि पहारेकरी समोर बसून हसत होता.

“दाजी, कानातलं नवीन केलंत का? छान दिसतंय.”

दाजींनी कानाला हात लावला.

अडीच तास. शाई वाळायला पाच मिनिटं पुरे होती. अडीच तास ते लेबल लावून बसले होते.

ते उठले आणि मोरीकडे धावले. घाईत नळ पूर्ण उघडला, खाली वाकले, दोरा निसटला आणि कार्ड नळाच्या धारेखाली. शंभर वर्षं टिकणारी शाई म्हणे! ती शिंगावर टिकायची, धारेखाली नाही. दाजींनी कार्ड उचललं तेव्हा त्यावर शिक्का होता, पांढरा कागद होता, आणि निळा ओघळ होता. शब्द नव्हता. आणि हात बसल्यापासून लक्ष पुन्हा वळणाकडे, त्यामुळे शेवटचा शब्द कोणता लिहिला तेही आठवेना.

तेव्हाच कपाळ खाजायला लागलं.

आधी वाटलं, मनाचे खेळ. मग बोटं केसांत घातली. दाजींचे केस तेव्हा असे दाट की नवीन कंगवा दोन महिन्यांत दात टाकायचा. त्या जंगलात बोटं चाचपडत गेली आणि कपाळाच्या जरा वर, डावीकडे एक टेंगूळ लागलं. उजवीकडे दुसरं. दोन्ही सारख्या अंतरावर. टेंगूळ दार आपटून येतं. दोन टेंगळं मोजून मापून एका ओळीत कोण आपटून घेतं?

दाजी मोरीतल्या आरशासमोर उभे राहिले, आणि गेल्या दोन दिवसांत पाठ केलेला प्रत्येक शब्द त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

दोन आहेत, म्हणजे एकशिंगी ‘युनिकॉर्न’ नाही. तेवढंच समाधान. लव आहे का? बोट फिरवलं. नाही, गुळगुळीत. म्हणजे ‘व्हेल्वेट’ नाही. कातडी पांघरलीय का? नाही, कातडी फाटून टोक वर आलंय, ‘ऑसिकोन’ गेलं. हलतं का? देवा, हलू दे, ‘स्कर’ असू दे, अर्धवट असू दे, कातडीत लोंबू दे! चिमटीत धरून हलवलं. टेंगूळ हललं नाही. डोकं हललं.

राहिले दोनच. अँटलर किंवा हॉर्न. अँटलर असेल तर वर्षभर टोपी घालून काढता येईल, मग आपोआप गळेल. पुन्हा उगवेल ते पुढचं पुढे. पण हॉर्न असेल तर? ‘जन्मभर वाढतं, कधीही गळत नाही.’ त्यांच्याच वळणदार अक्षरात.

“बरं वाटत नाही का?” दाराबाहेरून पहारेकऱ्याने विचारलं. “घरी जाताय का? जा की. मी सांगतो बाईंना.”

घर! दाजींचा जीव एका क्षणात घरापर्यंत जाऊन आला. आणि लगेच आठवलं: ज्याला लेबल लागलं ती वस्तू दाराबाहेर जाणार नाही. पाहुण्याची छत्री. आता बाहेर पडताना दारात बाई भेटल्या, त्यांनी हळूच विचारलं, “हे शिंगवालं कुठे चाललं?” तर? छत्रीला निदान घर नव्हतं. दाजींना बायको होती, रोज संध्याकाळी चहा गार होतोय म्हणून ओरडणारी. ती काचेच्या पेटीसमोर तिकीट काढून उभी राहिलेली त्यांना दिसली.

“नाही,” दाजी म्हणाले, “खाली थोडं काम राहिलंय,” आणि पहारेकऱ्याचीच टोपी त्याच्या डोक्यावरून काढून त्यांनी आपल्या डोक्यावर ओढली. टोपी पूर्ण बसली नाही. दोन ठिकाणी वर राहिली.

तळघरात एकशेचाळीस शिंगं. त्यातल्या एकालाच लेबल नसणार, आणि जे बिनलेबलचं, त्याचा शब्द दाजींच्या कपाळावर. दाजी फळीफळीने धावायला लागले. चितळ, आहे. नीलगाय, आहे. मेंढा, आहे. पायाखाली द्राक्षं चिरडत होती. वर काहीतरी टोपीला आतून ढोसत होतं. साठ झाली, सत्तर झाली. प्रत्येक सांबराजवळ आले की म्हणायचे, हे असू दे, याचं लेबल गेलेलं असू दे. आणि प्रत्येक सांबराच्या गळ्यात कार्ड, निगुतीने बांधलेलं, दाजींच्याच हातचं. माणसाला आपल्या नीटनेटकेपणाचा इतका राग कधी आला नसेल.

एकशे एकतीस क्रमांकावर दोरा नव्हता.

डोंगरी बोकड. संग्रहालयातली सगळ्यात लांब शिंगं. एकेक शिंग पुरुषभर उंच, मळसूत्रासारखं पीळ घेत वर गेलेलं. फळी बनवणाऱ्याने वरची फळी कापून त्यांना वाट करून दिली होती.

दाजी त्याच्यासमोर खाली बसले. घरचा दरवाजा केवढा, ते त्यांना माहीत होतं. झोपायची उशी केवढी, तेही. टोपीने आतून ‘चर्र’ असा आवाज केला आणि दोन टोकं कापडातून बाहेर आली. काळपट, गार, आणि त्यांना आताच अर्धा पीळ पडलेला. घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं.

रडायलाही वेळ नव्हता. दाजींनी विचार केला. रेड्याचं कार्ड बदललं तेव्हा शिंगं परत बसली. मेंढ्याचं बदललं तेव्हा फाटा गेला. म्हणजे लिहिलेलं पुसून उपयोग नाही. त्यावर दुसरं लागलं पाहिजे. दुसरं लिहायला कोरं कार्ड नाही. एकशेचाळीस, मोजून, आणि धुतलेल्या कार्डावर शाई फुटत होती; त्यांनी तीनदा लिहून पाहिलं, तीनदा निळा डाग. मग एकच राहिलं. लिहिलेलंच, दुसऱ्या कोणाचं तरी.

ते खालच्या फळीपाशी सरपटत गेले. भुंड्या गाईची कवटी शांत होती.

“माफ कर ग आई,” दाजी म्हणाले, आणि तिचं कार्ड सोडवलं.

दोरा कानात अडकवायला तीन खेपा लागल्या. ‘पोल्ड. जन्मतः शिंगं नसलेली. भुंडी.’ अडकवलं आणि डोळे मिटले.

पहिली पाच मिनिटं काहीच झालं नाही. त्या पाच मिनिटांत दाजी जेवढे म्हातारे झाले तेवढे बावीस वर्षांत झाले नव्हते. मग कपाळाच्या आत कोणीतरी मळसूत्र उलटं फिरवायला लागलं. दुखलं. दाढ काढताना दुखतं तसं, पण दोन्हीकडून आणि वरून. त्यांनी बोकडाचा पाय घट्ट धरून ठेवला, तोंडात टोपीचं कापड कोंबलं. एक पीळ आत गेला. टोकं बुटकी झाली. टेंगळं झाली. आणि जिन्यात चपला वाजल्या.

चार वाजायला दहा कमी. बाई लवकर आल्या होत्या.

एकेक पायरी उतरत चपला येत होत्या, आणि कपाळावर अजून हरभऱ्याएवढं काहीतरी शिल्लक होतं. लेबल काढावं तर ते तसंच राहणार. ठेवावं तर बाई वाचणार. दाजींनी ठेवलं, आणि बोकडाला धरून उभे राहिले. जन्मात पहिल्यांदा ते बाईंना पाहून वाघाच्या मागे गेले नाहीत. गेले नाहीत म्हणजे पाय उचलत नव्हते, ते सोडा.

बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. मागे दोन पाहुणे. बाईंनी चष्मा लावला, वाकल्या, आणि दाजींच्या कानाचं कार्ड वाचलं. मग खालच्या फळीवरची बिनलेबलची गाय पाहिली. मग परत दाजींकडे.

“ही गाय,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “उभी का आहे?”

दाजींच्या कपाळावर शेवटचा हरभरा आत चालला होता. तो गेल्याचं त्यांना टचकन कळलं.

“बाई,” ते पुटपुटले, “शाई वाळायची होती.”

बाईंनी बोटाने कार्ड तपासलं. “वाळली आहे,” त्या म्हणाल्या. कार्ड त्यांच्या कानातून काढलं, गाईला बांधलं, आणि बोकडासमोर थांबल्या. “याचं?”

“धुऊन गेलं.”

बाईंनी पर्स उघडली आणि शिक्का मारलेलं एक कोरं कार्ड काढून दिलं. “मी नेहमी एक जादा ठेवते. मागायचं होतं.”

मागायचं होतं! दाजींनी ते कार्ड हातात घेतलं, मान खाली घातली, आणि तेव्हा त्यांना जमिनीवर तो ढीग दिसला. काळाभोर, दाट, त्यांच्याच पायाशी. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. हात नुसता घसरत गेला. कारण शिंगाचं आवरण केरॅटिनचं, आणि केसही केरॅटिनचेच. लेबलाने एकदा माल परत घ्यायला सुरुवात केली, तर ते शिंगाचा कुठला आणि केसांचा कुठला हे निवडत बसतं थोडंच? सगळंच ओढून नेलं. त्या गुरुवारी सकाळी दाजी जंगलासारखे केस घेऊन घराबाहेर पडले, आणि संध्याकाळी आज दिसतात तशी तुळतुळीत टाळू घेऊन परत आले. बहिणीने दार उघडलं, आणि ओळख पटायला तिला...

“दादा, पुरे आता!” बहीण हातातली घडी घातलेली चादर आपटून म्हणाली. “काय वाटेल ते सांगतोस? लग्नाआधी हे पहिल्यांदा आपल्या घरी आले ना, तेव्हाच यांच्या डोक्यावर औषधाला केस नव्हता. दार तूच उघडलंस! आणि आत येऊन माझ्या कानात म्हणालास, ‘धाकटे, माणूस छान आहे, फक्त उन्हात उभा करू नकोस, डोळे दिपतात.’”